सूचना : रविवारी नातीचा वाढदिवस

मंडळातील सर्व भगिनींना नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता दांडिया बाजारातल्या आमच्या घरी नातीचा दुसरा वाढदिवस आहे. सगळ्यांनी यावे.

सूनबाईंना विचारूनच पुढचे लिहिते आहे. ही पोर होण्याआधी दोनदा गर्भपात झाला, मग उपचारांत बराच काळ गेला. म्हणून तबकात नेहमीच्या निरांजनाशेजारी आणखी दोन लहान निरांजने असतील. ती कशासाठी, हे तिला विचारत बसू नये. औक्षण ज्यांना करायचे त्या सगळ्या करतील. मूल नाही म्हणून कुणालाही मागे उभे करायचे नाही. आमच्या घरात ते चालणार नाही.

"आता दुसरे कधी?" हा प्रश्न कृपया घरीच ठेवून या. तसेच "वजन उचलले असेल, पपई खाल्ली असेल" हेही नको. सुरुवातीच्या महिन्यांतले निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात, त्यात आईची चूक नसते. नोकरदार मुलींनी हेही जाणून घ्यावे : १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर ६ आठवड्यांची पगारी रजा होती, आणि आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे.

ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांना यावेसे वाटले नाही तर कारण कळवण्याची गरज नाही. डबा घरपोच पाठवू.

बेत सेव उसळ आणि श्रीखंडाचा. भेटवस्तू नकोत, फुगे आणि अख्खे शेंगदाणेही नकोत, पोरगी सगळे तोंडात घालते. संख्या शुक्रवारपर्यंत कळवा, चक्का सांगायचा आहे.