क्लासमधली लिस्ट सगळ्यांची असते

महोदय,

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या मजकुरात क्लास अ‍ॅट्रिब्यूटची (म्हणजे ऑब्जेक्ट बनवण्याच्या साच्यावर, क्लासवर, ठेवलेल्या व्हॅल्यूची) ओळख अनेकदा 'प्रत्येक ऑब्जेक्टला मिळणारी डीफॉल्ट व्हॅल्यू' एवढ्यावरच उरकलेली असते. 'डीफॉल्ट' हा शब्दच इथे घात करतो. तो वाचून शिकणाऱ्याला वाटते, नवा ऑब्जेक्ट तयार झाला की त्याला त्या व्हॅल्यूची स्वतंत्र प्रत मिळते. तशी प्रत मिळत नाही. क्लासच्या आत लिहिलेला कोड पायथॉन एकदाच चालवतो, तोही क्लासची व्याख्या होताना. तिथे 'गुण = []' लिहिले तर एकच रिकामी लिस्ट बनते आणि ती क्लासपाशी राहते. जावा या भाषेतून आलेले इथे हमखास फसतात, कारण जावामध्ये स्टॅटिक (म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टसाठी एकच) न लिहिता क्लासमध्ये लिस्ट बनवली, तर ती दर ऑब्जेक्टला नव्याने बनते.

'विद्यार्थी' या क्लासचे अ आणि ब असे दोन ऑब्जेक्ट घ्या. अ.गुण.अपेंड(72) केले, म्हणजे लिस्टच्या शेवटी 72 जोडला, की ब.गुण छापल्यावरही [72] दिसते. एरर येत नाही. एकाच ऑब्जेक्टवर चाचणी घेतली तर सगळे ठीक वाटते, म्हणून ही चूक उशिरा सापडते. उपाय सोपा आहे: नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या इनिट मेथडमध्ये 'सेल्फ.गुण = []' लिहावे (सेल्फ म्हणजे तोच ऑब्जेक्ट).

मग क्लासमध्ये 'संख्या = 0' असताना अ.संख्या = 5 केले, तर ब.संख्या 0 कशी राहते? वाचण्याचा नियम वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा. वाचताना पायथॉन आधी ऑब्जेक्टमध्ये शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये, मग तो ज्यावरून बनला त्या पालक क्लासमध्ये (प्रॉपर्टी, म्हणजे वाचताना मेथड चालवणारे नाव, हा अपवाद सोडून). लिहिताना मात्र तो (प्रॉपर्टी सोडल्यास) थेट ऑब्जेक्टवरच लिहितो. अपेंडमध्ये असाइनमेंट, म्हणजे = ने लिहिणे, नसतेच. सापडलेली लिस्ट तिथल्या तिथे बदलते.

ऑब्जेक्ट मोजण्यासाठी इनिटमध्ये 'सेल्फ.संख्या += 1' लिहिले तर क्लासमधला 0 वाचला जातो आणि 1 ऑब्जेक्टवर लिहिला जातो. क्लासची संख्या 0 ची 0 च. तिथे 'विद्यार्थी.संख्या += 1' हवे. 'टाइप(सेल्फ).संख्या += 1' हा पर्याय उपक्लास असतील तर जपून वापरावा; पहिल्याच वाढीला उपक्लासवर वेगळी संख्या तयार होते आणि तिथून दोन मोजण्या वेगवेगळ्या चालू लागतात.

सर्वांत फसवी ओळ 'सेल्फ.गुण += [72]'. लिस्टच्या बाबतीत ही क्रिया आधी सामायिक लिस्टच बदलते आणि मग तीच लिस्ट ऑब्जेक्टच्या नावावर लावते. ऑब्जेक्टवरची स्वतःची नावे दाखवणाऱ्या व्हार्स(अ) मध्ये 'गुण' दिसू लागते, त्यामुळे लिस्ट स्वतंत्र झाली असा समज होतो. पण 'अ.गुण इज ब.गुण', म्हणजे दोन्ही एकच लिस्ट आहे का, तपासले तर उत्तर ट्रू (हो) येते. ट्यूपल, म्हणजे न बदलता येणारी यादी, असता तर नवा ट्यूपल बनला असता आणि ब सुरक्षित राहिला असता.

2018 साली आलेल्या पायथॉन 3.7 मधील डेटाक्लास (टाइप लिहिलेल्या नावांवरून, म्हणजे फील्डवरून, इनिट स्वतः बनवणारा क्लास) 'गुण: लिस्ट = []' लिहिताच व्हॅल्यूएरर देतो आणि दर ऑब्जेक्टला नवी व्हॅल्यू बनवणारी डीफॉल्ट फॅक्टरी वापरायला लावतो. हे चांगलेच झाले. पण टाइप न लिहिता नुसते 'गुण = []' ठेवले तर ते फील्ड मानले जात नाही आणि डेटाक्लासमध्येही लिस्ट गुपचूप सामायिक राहते.

क्लास अ‍ॅट्रिब्यूट टाळावे असे मुळीच नाही. 'कमाल_गुण = 100' सारखा स्थिरांक तिथेच शोभतो. क्लासवर तो बदलला की ज्या ऑब्जेक्टवर त्याच नावाची स्वतःची व्हॅल्यू नाही, त्या सर्वांना नवा आकडा दिसतो.

लेखकांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की या विषयाचे उदाहरण एका ऑब्जेक्टवर संपवू नये. दोन ऑब्जेक्ट घ्यावेत आणि प्रत्येक बदलानंतर व्हार्स(अ), व्हार्स(ब) आणि व्हार्स(विद्यार्थी) हे तिन्ही छापून दाखवावेत.

आपला,
एक वाचक