विषय : ऑटो-स्टार्टर बोर्डवर दोन फेजच्या ट्रॅकमध्ये (तांब्याच्या पट्ट्यांमध्ये) अपुरं अंतर, पाच बोर्ड जळाल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

शिरोळ तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मार्चमध्ये तुमच्या विक्रेत्याकडून थ्री-फेज ऑटो-स्टार्टरचे बारा बोर्ड पक्क्या बिलावर घेतले आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या पेट्यांत बसवले. पावसाळा संपेपर्यंत त्यातले पाच जळून परत आले. तुमच्या सर्व्हिस सेंटरने पाचांवरही एकच शेरा मारला : 'लाईनमध्ये सर्ज, वॉरंटी लागू नाही.' सर्ज म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी. हा शेरा मला मान्य नाही.

पाचही बोर्डांवरचा, सर्ज शोषून घेणारा व्हॅरिस्टर शाबूत आहे, रिले वाजतात. जळालंय ते नेमकं एकाच ठिकाणी. कॉन्टॅक्टरच्या (मोटारची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) ४१५ व्होल्टच्या कॉइलकडे जाणारे आर आणि वाय फेजचे ट्रॅक जिथे शेजारून जातात, तिथे. हे पाच पाहिल्यावर मी सहावा, चालू असलेला बोर्ड स्वतःहून उतरवून आणला. भिंगाखाली धरला तर आर फेजच्या ट्रॅकपासून केसाएवढी काळी रेघ निघालेली दिसते, दुर्वांच्या मुळीसारखे तिला फाटे, आणि ती निम्म्या वाटेत थांबलेली. सर्ज असा हप्त्याहप्त्याने येत नाही.

व्हर्नियर लावला. दोन ट्रॅकमध्ये ०.९ मिमी.

तुमच्या इंजिनिअर साहेबांनी फोनवर सांगितलं की आयपीसी-२२२१ या सर्किट बोर्ड डिझाइनच्या मानकाच्या तक्त्यात ०.८ चालतं, आम्ही तर ०.९ दिलंय. तक्ता मीही पाहिला. ०.८ हा आकडा ३०१ ते ५०० व्होल्टच्या ओळीतला आहे, आणि तोही ट्रॅकवर कोटिंग असेल तर. तुम्ही त्याच ट्रॅकवरचा हिरवा मास्क, म्हणजे तेच कोटिंग, उघडा ठेवून वरून सोल्डर चढवलंय. उघड्या तांब्याला त्याच ओळीत २.५ मिमी लागतात. शिवाय तो तक्ता एसीसाठी शिखराचा व्होल्टेज धरतो. ४१५ चं शिखर ५८७. म्हणजे ५०० ची ओळसुद्धा ओलांडली, आणि पुढच्या प्रत्येक व्होल्टला ०.००५ मिमी वाढवत गेलं की हिशोब २.९ च्या वर जातो.

आणि हा झाला किमान हिशोब. पृष्ठभागावरून करंट सरपटण्याचं अंतर, ज्याला तुम्ही लोक क्रीपेज म्हणता, ते आयईसी ६०६६४ या इन्सुलेशनच्या आंतरराष्ट्रीय मानकात जागा किती घाण आहे यावरून ठरतं. पंपाची खोपटी म्हणजे प्रदूषण श्रेणी ३ : कोरडी असताना निरुपद्रवी असलेली धूळ दव पडलं की करंट वाहून नेते. साध्या फायबर बोर्डला, ४०० व्होल्टला, तिथे ६.३ मिमी लिहिलेत. तुमचे ०.९.

'प्रत्येक बोर्ड आम्ही हाय-व्होल्टेज टेस्ट करूनच पाठवतो' असंही साहेब म्हणाले. ते खोटं नसेल. कोऱ्या, कोरड्या बोर्डवर ०.९ मिमी हवा दोन हजार व्होल्टही सहज पेलेल. पण रात्री मोटार बंद झाली की पेटी गार पडते, आतून घाम येतो, त्यावर उसाच्या फडातली धूळ बसते. सकाळी लाईट आली की ओल्या धुळीतून थोडासा करंट सरकतो, तेवढी जागा करपते, आणि करपलेला कार्बन पुढच्या खेपेला वाट सोपी करून देतो. कारखान्यातल्या एका मिनिटाच्या टेस्टमध्ये हे कसं दिसणार?

पेटीत पाल शिरली होती का, असंही मला विचारण्यात आलं. पाच गावांतल्या पाच पाली नेमक्या त्याच दोन ट्रॅकवर जाऊन बसल्या असतील, तर माझं काही म्हणणं नाही.

बोर्डवर जागा नाही म्हणावं, तर तसंही नाही. डाव्या बाजूला तुमच्या कंपनीचं नाव चांगलं दोन इंच छापलंय. वायचा ट्रॅक तिकडून फिरवता आला असता, किंवा दोन ट्रॅकच्या मध्ये दीड मिलिमीटर रुंदीची आरपार खाच पाडता आली असती. कनेक्टरही ५.०८ मिमी पिचचा आहे, म्हणजे शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत तेवढंच अंतर. पॅडचं तांबं वजा केलं की मध्ये अडीच मिमी उरतात. म्हणजे नुसते ट्रॅक हलवून भागणार नाही, कनेक्टरही बदलावा लागेल.

माझी मागणी अशी. बाराही बोर्ड बदलून द्यावेत, पण सुधारलेल्या डिझाइनचे. हाच बोर्ड पुन्हा नको. दोन शेतकऱ्यांच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइल मी पदरमोड करून बदलून दिल्या, त्याचं बिल सोबत जोडलंय, ते द्यावं. याच बॅचचे बोर्ड आणखी कुठे गेलेत त्या विक्रेत्यांना कळवावं, कारण काही पेट्या लाकडी आहेत आणि त्यांना कुलूप नसतं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

जळालेले पाच बोर्ड तुमच्याकडेच आहेत. सहावा मी कुरिअरने पाठवणार नाही. तो पाहायचा असेल तर माणूस पाठवा, भिंग दुकानात आहे.

आपला,
रिवायंडिंग दुकानदार, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

सोबत : खरेदीचं बिल, कॉइलचं बिल, सहाव्या बोर्डचे चार फोटो