‘नर्सिंग’ म्हणजे नेमके कोणते?

महोदय,

बुधवारच्या पुरवणीतील ‘नर्सिंगमध्ये नोकरीची हमी’ हा लेख वाचला. लेखकाने एएनएम (दोन वर्षांचा सहायक परिचारिकेचा कोर्स), जीएनएम (तीन वर्षांची नर्सिंग पदविका) आणि बीएस्सी (नर्सिंगची पदवी) अशा तिघींना एकाच बाकावर बसवले आहे. गावच्या आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे आरोग्य सेविका म्हणून राबणाऱ्या माझ्यासारखीला खरे तर आनंद व्हायला हवा. पगाराच्या दिवशी मात्र असे कोणी बसवत नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेचे मूळ वेतन २५,५०० पासून, सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिकेचे, म्हणजे स्टाफ नर्सचे, ३५,४०० पासून. एवढे दोन आकडे छापायला कितीशी जागा लागली असती?

माझ्या भाचीचेच सांगते. संस्थेने तिच्या वडिलांना पटवले, ‘दोन वर्षांत एएनएम, जीएनएमपेक्षा एक वर्ष वाचते, नोकरी तीच.’ पास झाली, रजिस्ट्रेशन झाले, नाशिकला एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेली. मेट्रनने, म्हणजे तिथल्या मुख्य परिचारिकेने, सर्टिफिकेट पाहून फाइल मिटली. ‘जीएनएम का नाही केलंस? स्टाफ नर्स म्हणून घेता येणार नाही. असिस्टंट म्हणून राहतेस का?’ पगार निम्मा, नाइट मात्र सगळ्यांइतक्याच. आता जीएनएम करायचे तर पहिल्या वर्षापासून, पुरती तीन वर्षे. जीएनएमवाली पोस्ट बेसिक हा पुढचा कोर्स करून दोन वर्षांत बीएस्सी होते. आमच्या दोन वर्षांची सूट कुठेच नाही. लेखात एम्सचे एवढे गुणगान आहे, तिथल्या नर्सभरतीच्या परीक्षेचा, नॉरसेटचा, अर्जसुद्धा एएनएमला भरता येत नाही, हे लेखकांना कोणी सांगितले नाही काय?

एएनएम करू नका असे मी म्हणत नाही. आमच्या वाट्याला जिल्हा परिषद, नाहीतर एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी जागा. लसीकरण, बाळंतपणे, सर्वे, रजिस्टर सारे आम्ही करायचे, आणि उपकेंद्राचा दर्जा वाढून त्याचे आयुष्मान आरोग्य मंदिर झाले की आमच्या वर सीएचओ (सामुदायिक आरोग्य अधिकारी) येणार. त्या पदाला आमचा अर्ज चालत नाही. सीएचओंशी माझे भांडण नाही. मुली गुणी आहेत, कोणते रजिस्टर कुठे आहे ते आम्हालाच विचारतात.

लेखाशेजारीच एका संस्थेची पाव पानाची जाहिरात होती, ‘१०० टक्के प्लेसमेंट’. योगायोग असेल. जाता जाता आणखी एक: ही पुरवणी आमच्या गावात दुसऱ्या दिवशी पोचते, तोवर निम्म्या भरत्यांची शेवटची तारीख उलटलेली असते. विक्रेता म्हणतो, ऑफिसला कळवा. कळवले.

आपली,
एक आरोग्य सेविका, ता. सिन्नर
(नाव छापू नये. यंदा माझी बदली ड्यू आहे.)