तो मोनाल नव्हे, गोल्डन फेझंट

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर लालभडक पोटाच्या, सोनेरी तुऱ्याच्या पक्ष्याचं छायाचित्र आहे. खाली ‘हिमालयातला मोनाल’ असं छापलंय. मोनालचा नर हिरव्या-निळ्या-तांबूस झळाळीचा असतो. छायाचित्रातला आहे गोल्डन फेझंटचा नर. हा मध्य चीनच्या डोंगरांतला पक्षी. तिथली चिनलिंग पर्वतरांग हे त्याचं खास ठिकाण.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. पक्ष्यांची चित्रं काढण्यात आयुष्य गेलं, पण या नराच्या मानेवरच्या झालरीने जितका घाम काढला तितका दुसऱ्या कशाने नाही. नारिंगी पिसं आणि प्रत्येकाच्या टोकाला काळसर निळी कड. विणीच्या हंगामात तो मादीला आडवा येतो आणि तिच्या बाजूची झालर पंख्यासारखी चेहऱ्यावर ओढून घेतो. चोच पार झाकली जाते, गोलाकार पट्ट्यांच्या वर फक्त पिवळा डोळा उरतो. हा साज चढायला नराला दुसरं वर्ष उजाडावं लागतं.

इतका भडक असूनही रानात तो चटकन नजरेस पडत नाही. बांबू आणि दाट झुडपांच्या काळोखात जमिनीवर बिया, कोवळा पाला, किडे टिपत फिरतो. चाहूल लागली की उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. रात्री मात्र झाडावर बसतो. सतत उन्हात ठेवलेल्या नराचे रंग विटतात, हे पाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. तरीही प्रदर्शनासाठी त्याला झुडूप नसलेल्या, उघड्या पिंजऱ्यात ठेवलेलं मी पाहिलंय. फार वाईट वाटतं.

पिंजऱ्यातले सगळेच अस्सल असतात असंही नाही. लेडी ॲम्हर्स्ट फेझंट हा त्याचा सख्खा भाऊबंद. गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी सारा यांनी १८२८ मध्ये तो लंडनला पाठवला, म्हणून हे नाव. दोघांचा संकर होतो आणि संकरित पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. त्यामुळे शोभेसाठी पाळलेल्यांत सरमिसळ बरीच आहे.

दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया मादीचंही छायाचित्र द्या. ती तपकिरी, अंगभर आडव्या पट्ट्यांची असते. ८ ते १२ अंडी घालते आणि २२-२३ दिवस एकटीच उबवते. पाचोळ्यात बसली की ओळखूही येत नाही. मुलांना तिला शोधायला सांगा.

आपला,
एक वाचक