ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात झाली, मग मार्क का कापला?

संपादक साहेब,

परीक्षा तोंडावर आलीय, घरात सध्या रशियाच चालू आहे, म्हणजे मुलगी रिव्हिजन करते आणि मी समोर बसून प्रश्न विचारतो. परवा बघतो तर नोट्समधल्या "फेब्रुवारी क्रांती – ८ मार्च १९१७" यातला मार्च तिने निळ्या पेनाने खोडून वर फेब्रुवारी लिहिलेलं, प्रिंटिंग मिस्टेक आहे म्हणाली. आता यात तिचा काय दोष? तेव्हा रशियात ज्युलियन कॅलेंडर होतं आणि ते आपल्या आताच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे होतं हे नोट्समध्ये कुठेच नाही. तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड, तिथल्या कापडगिरण्यांतल्या बायका महिला दिनाला ब्रेड मागत रस्त्यावर आल्या तो तिकडचा २३ फेब्रुवारी, आपला ८ मार्च. तसंच लेनिनच्या बोल्शेविक पार्टीने सत्ता घेतली ती ऑक्टोबर क्रांती, तिकडचा २५ ऑक्टोबर म्हणजे आपला ७ नोव्हेंबर. पुढे लेनिनच्या सरकारने कॅलेंडरच बदललं, १९१८ साली ३१ जानेवारीला झोपलेली माणसं उठली ती थेट १४ फेब्रुवारीला! मधल्या दिवसांत ज्यांचा बर्थडे त्यांनी काय करायचं, असं विचारून पोरगी हसत सुटली.

नंतरच्या सराव पेपरात तिने ऑक्टोबर क्रांतीपुढे ७ नोव्हेंबर लिहिलं तर मार्क गेला, मॉडेल आन्सरमध्ये २५ ऑक्टोबर होतं ना.

नोट्समध्ये "नेप – १९२१" (म्हणजे लेनिनचं नवं आर्थिक धोरण) आणि खाली लगेच "पहिली पंचवार्षिक योजना – १९२८", बास, संपलं. अहो पण त्याआधी वॉर कम्युनिझममध्ये, म्हणजे यादवी युद्धाच्या काळातल्या धोरणात, शेतकऱ्याचं धान्य जबरदस्तीने उचलून न्यायचे, लोक वैतागले, १९१७ ला बोल्शेविकांसोबत असलेले क्रोनस्टाट या नौदल तळावरचे खलाशीच मार्च १९२१ मध्ये उलटले आणि त्याच महिन्यात पार्टीने वसुली थांबवून ठरावीक टॅक्स लावायचं ठरवलं, उरलेलं धान्य शेतकऱ्याने विकावं. एवढं एका दमात सांगितलं की नेप वेगळं पाठ करावं लागत नाही, मी घरी करून बघितलंय.

तारखा विचारू नका असं नाही म्हणत मी. पण १९१८ च्या आधीची तारीख असेल तर जुनी की नवी एवढं तरी पेपरात छापा, नाहीतर दोन्हीला मार्क द्या. शाळेत विचारलं तर म्हणाले, नोट्समध्ये आहे तेच लिहायला सांगा. नोट्समध्ये एक क्रांती नव्या तारखेने, दुसरी जुन्या! म्हणून आता ती दोन्ही तारखा लिहिते, मधे तिरकी रेघ मारून.

– एक पालक