विषय: तुमच्या जळगाव शाखेत फ्रीजच्या पाण्यावरून घसरून आईचं मनगट मोडल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्याकडे चौथा फोन केला. आता फोन नाही, लेखीच देते.

आखाजीसाठी मी माहेरी आले होते. सणाच्या दोन दिवस आधी आईला घेऊन तुमच्या दुकानात आले. बिल झालं, दही राहिलं म्हणून आई परत फ्रीजकडे वळली आणि तिथेच पाय सरकून पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पाणी फ्रीजखालून येत होतं. पांढऱ्या फरशीवर ते दिसतही नव्हतं. पण फ्रीजच्या पायाशी कुणीतरी खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता. तो भिजून फुगला होता, त्याचे पदर सुटले होते. पाच मिनिटांत पुठ्ठ्याची अशी गत होत नाही. आईला उठवायला धावलेला तुमच्याच दुकानात कामाला असलेला मुलगा म्हणाला, "मावशी, कालपासून गळतंय, साहेबांना सांगितलंय." त्या पोराला काही बोलू नका, खरं तेवढं तोच बोलला. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तरी पाणी पुसलं नाही, वाट अडवली नाही. ओल्या फरशीची पिवळी पाटी आणली ती आई पडल्यावर. पाटी येण्याआधीचा फोटो माझ्याकडे आहे, वेळेसकट.

आजच्या फोनवर तुमच्या बाई काय म्हणाल्या ते ऐका. आधी विचारलं, "आईंचं वय किती?" मी म्हटलं, ६७. "मग त्यांना एकटं का सोडलं?" मी दहा पावलांवर पिशव्या भरत होते. "चपला कुठल्या होत्या? तळ झिजलेला होता का?" मी पुठ्ठ्याचं सांगायला लागले तर मध्येच, "शाखेचं म्हणणं आहे की पाटी होती." फोटो पाठवते म्हटलं, तर "त्याची गरज नाही." आणि शेवटी, "सदिच्छा म्हणून ५०० रुपयांचं कूपन देतो." हात कसा आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. चार फोनांत कुणीच विचारलं नाही.

हीच आई दर आखाजीला पुरणाचे मांडे हातावर फिरवून खापरावर टाकते. यंदा खापर माळ्यावरून खाली आलंच नाही. दुकान उघडलं तेव्हापासून ती महिन्याचं सामान तुमच्याकडूनच भरते.

त्या संध्याकाळचं आणि आदल्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा. ही लेखी मागणी आहे. नंतर पुसलं गेलं म्हणालात तर तेही ग्राहक आयोगापुढे मांडीन. फ्रीज गळत असल्याची तक्रार शाखेकडे कधी आली, त्याची नोंद द्या. दवाखान्याचा सगळा खर्च द्या, बिलं आणि एक्स-रे सोबत जोडले आहेत. आणि तो फ्रीज दुरुस्त करा. परवा भाऊ जाऊन आला, पुठ्ठा अजून तिथेच आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार आई राहते तिथे, जळगावातच करता येते. कूपन नको.

एक ग्राहक,
आईच्या वतीने