वडिलांची बदललेली वाट: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

माझे वडील पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या घरून सारसबागेत चालत जायचे. शेवटी शेवटी त्यांनी सरळ रस्ता सोडला आणि वळसा घालून जायला लागले. आम्हाला वाटलं, रहदारी नको वाटत असेल. एकदा सोबत गेलो तेव्हा उलगडा झाला. त्या वाटेवर दोन स्वच्छतागृहं होती आणि ते दोन्ही ठिकाणी थांबले. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "वय झालं आता, चालायचंच." मीही हो म्हणालो.

रात्री चार-चार वेळा मोरीतला दिवा लागायचा. आईला दिसत होतं, मला दिसत होतं, विषय कुणी काढला नाही. मग कंबर दुखायला लागली. मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. अखेर एका डॉक्टरांनी रक्ताची पीएसए तपासणी करायला लावली. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, आणि तिच्यातून रक्तात येणारं एक प्रथिन ही तपासणी मोजते. तोवर प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यापर्यंत पोचला होता. हा आजार पसरला की बहुधा हाडांत जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ते गेल्यावर कपाट आवरलं. आईच्या साखरेचे सगळे रिपोर्ट त्यांनी तारीखवार फाइलला लावलेले होते. स्वतःच्या नावाचा, आजारपणाआधीचा, एक कागद सापडला नाही.

म्हणून आधी आमची, पुरुषांची, चूक कबूल करतो. आमच्या कट्ट्यावर बायपास झालेला माणूस शर्टाची बटणं काढून टाके दाखवतो. मोतीबिंदू, गुडघे, सगळ्यावर चर्चा होते. पण लघवीची धार बारीक झालीय, सुरू व्हायला वेळ लागतो, हे चाळीस वर्षांची मैत्री असलेल्या मित्रालाही सांगत नाही. डॉक्टर प्रोस्टेट गुदद्वारातून बोटाने तपासतात, ही ऐकीव माहिती पुरते आणि माणूस दवाखान्याची पायरीच चढत नाही. ती तपासणी मिनिटभराची असते. मी करून घेतली आहे. लाज वाटते, दुखत फारसं नाही.

आता आपल्या खात्याविषयी. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनांच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी होते. ती हवीच, तिथे एक पैसाही कमी करू नका. प्रोस्टेट त्यात नाही. पुण्यासारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत मात्र पुरुषांच्या कर्करोगांमध्ये प्रोस्टेट आघाडीच्या जागांत आहे. आपल्या खात्याला पुरुषांपर्यंत पोचता येतं, हे २०२३ साली 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' या मोहिमेत दिसलं. अठरा वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीसाठी ती काढली होती. तेच बळ पन्नाशीच्या माणसांसाठी लावा.

पण गावभर पीएसएची शिबिरं भरवा, असं माझं म्हणणं नाही. वडिलांनंतर मी अशाच एका शिबिरात रक्त दिलं. चार दिवसांनी एका मुलीने हातात कागद ठेवला. आकडा नेहमीपेक्षा जास्त, त्याखाली लाल रेघ. पुढे काय, हे सांगायला कुणी नव्हतं. तीन आठवडे मी झोपलो नाही. नंतर मूत्ररोगतज्ज्ञांनी समजावलं की ग्रंथी साधी वाढली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरीही हा आकडा चढतो. माझ्या बाबतीत साधी वाढच निघाली. उलट बाजूही त्यांनी सांगितली: सुरुवातीच्या कर्करोगाला बहुतेक वेळा लक्षणच नसतं, त्यामुळे 'मला काही होत नाही' यावर विसंबून चालत नाही. शिवाय काही गाठी इतक्या संथ असतात की त्यांच्यामागे लागून केलेल्या उपचारांचाच माणसाला जास्त त्रास होतो. लघवीवरचा ताबा सुटू शकतो, शरीरसंबंधांत अडचणी येऊ शकतात. म्हणूनच तपासणीआधी डॉक्टरांशी नीट बोलणं व्हायला हवं. सरकारी दवाखान्यात आम्हाला ही पाच-दहा मिनिटं मिळत नाहीत आणि मला तीच हवी आहेत.

पन्नाशी ओलांडलेला पुरुष कुठल्याही कारणाने सरकारी ओपीडीत आला, खोकला घेऊन आला तरी, त्याला लघवीबद्दल दोन प्रश्न विचारले जावेत. आणि तिसरा: वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कर्करोग होता का? 'हो' म्हणणाऱ्याचा धोका साधारण दुप्पट असतो, त्याच्याशी पंचेचाळिशीतच बोलायला हवं. मग ज्याला तपासणी हवी त्याला ती सरकारी दवाखान्यातच मिळावी आणि रिपोर्ट डॉक्टरांनी स्वतः समजावून द्यावा. उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पाच लाखांचं संरक्षण आहे. पण आजार मणक्यात उतरल्यावर योजनेचं कार्ड काढून काय उपयोग झाला असता, हे आम्ही घरात फार वेळा बोललो आहोत.

आणि माणसं दवाखान्यात यायची वाट पाहू नका. मंडईतल्या हमालांकडे, रिक्षा स्टँडवर, गणेश मंडळांच्या कार्यालयांत, ज्येष्ठ नागरिक संघांत जा. बोलायला पुरुष आरोग्यसेवक पाठवा, लघवी हा शब्द न अडखळता उच्चारणारे.

सुरुवात स्वारगेट डेपोतून करावी, अशी माझी विनंती आहे. दिवसभर स्टिअरिंगवर बसणारी, लघवी दाबून धरणारी माणसं तिथे एका जागी भेटतील. तारीख कळवा, मी येईन. वडिलांच्या बदललेल्या वाटेबद्दल त्यांच्याशी मी बोलेन, बाकीचं आपल्या डॉक्टरांनी सांगावं.

आपला,
पीएमटीतल्या एका ड्रायव्हरचा मुलगा
पुणे